ऑपरेशनपर्यंतचा मासा

डॉ. बद्रीनाथ दांडगे यांनी आयुष्यात उभ्या केलेल्या गोष्टींपैकी ही काचेची टाकी तेवढी अशी होती, जिच्यावर कोणी समिती नेमली नव्हती. त्यांनी अभ्यासक्रम उभा केला, तो एका समितीने बंद केला. फारसी कागदपत्रांचा विभाग उभा केला, तो दुसऱ्या समितीने जागेअभावी तळघरात हलवला, आणि पुढचा निर्णय वाळवीने कोणत्याही ठरावाविना घेतला. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि त्यांच्या ग्रंथाचे नाव चुकीचे सांगणारे एक भाषण पदरात घेऊन ते पडेगावात, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. लग्न त्यांनी केले नव्हते. विद्यार्थी होते, ते नोकरीला लागले. आणि नोकरीला लागलेला विद्यार्थी गुरूला फक्त श्रद्धांजलीच्या सभेत भेटतो, हे त्यांना ठाऊक होते.

माणूस आपली भीती दुसऱ्या कशावर तरी कशी उतरवतो, हा त्यांचा विषय होता. उतारा, नवस, सदका, दृष्ट. गोदाकाठच्या वाड्यावस्त्यांपासून बिदरच्या दर्ग्यांपर्यंत त्यांनी उभी हयात याच शोधात घालवली. त्यातून निघालेला ग्रंथ ज्यांनी वाचला त्यांना त्याची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती ते तिठ्यावर लिंबू ठेवण्यात गुंतले होते. यावर डॉक्टरसाहेब चिडत नसत. चिडणे ही आशा शिल्लक असलेल्यांची चैन आहे, असे त्यांचे मत होते. त्यांचा राग केव्हाच थंड होऊन जमिनीसारखा झाला होता; ते त्यावर उभे राहत.

टाकी त्यांनी शास्त्राप्रमाणे उभी केली. लोखंडी टेबल पाण्याची पातळी लावून समतल केले. पडेगावामागच्या शेतातली काळी माती आणून चाळली, भिजवली, वरचा तरंगता कचरा ओतून टाकला, वाळवली, पुन्हा भिजवली. तिचा थर तळाशी दिला. वर धुऊन धुऊन पाणी नितळ निघेपर्यंत स्वच्छ केलेली वाळू पसरली. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची लांब पाती, मध्ये क्रिप्टोकोरिन, दगडांना सुती दोऱ्याने बांधलेले जावा फर्न. माती उसळू नये म्हणून पाणी थाळीवर धार धरून सोडले. साखर आणि यीस्ट घातलेली एक प्लॅस्टिकची बाटली नळी लावून शेजारी ठेवली. तिच्यातून निघणारा वायू बुडबुड्यांनी पाण्यात जायचा आणि झाडांना मिळायचा. दिव्याला टायमर लावला. मग ते थांबले. नव्या पाण्यात मासे सोडले तर ते स्वतःच्याच विष्ठेच्या विषाने मरतात. ते विष पचवणारे जिवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करीपर्यंत धीर धरावा लागतो. हा धीर त्यांच्याकडे मुबलक होता. त्याचा पुरवठा कधीच खंडित झाला नव्हता.

तळमजल्यावरच्या मनकर्णाबाई एकदा कुरिअरवाल्याने चुकून त्यांच्याकडे टाकलेले पाकीट द्यायला वर आल्या, तेव्हा टाकी रिकामीच होती.

"सर, मासे कुठंत?"

"यायचेत. पाणी तयार व्हायचंय."

"पाणी बी तयार व्हतं व्हय?" मनकर्णाबाई मनापासून हसल्या. "इथं येतंय का नाय त्याची खात्री नाय, अन् तुमचं तयार व्हतंय!"

त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत असे, तेही आपल्या मर्जीने. पाण्याच्या दिवशी इमारतीतल्या सगळ्या मोटारी एकदम घरघरू लागत, बायका जिन्यात हंडे घेऊन उभ्या राहत, आणि ज्याच्या घरी पाहुणे त्याच दिवशी टपकत त्याची कीव केली जाई. डॉक्टरसाहेबांनी बाथरूममध्ये एक मोठा निळा ड्रम ठेवला होता. नळाचे पाणी त्यात दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यायचे आणि मग टाकीतले एक तृतीयांश पाणी बदलायचे, असा नेम होता. काढलेले पाणी ते कुंड्यांना घालीत. तरीही इमारतीत बोलले गेले: माणसाला प्यायला नाय, अन् वरचे सर मासे धुतेत. त्यांनी खुलासा केला नाही. खुलासे करण्याची नोकरी संपली होती.

मासे आणायला ते छावणीच्या बाजारात फारूखच्या दुकानी गेले. फारूख हा मोठ्या पोटाचा, मोठ्या मनाचा माणूस होता आणि त्याच्या दुकानात सर्वांत जास्त जागा गोल्डफिशला होती.

"आठ सोनेरी, एक काली," फारूख म्हणाला. "सब यहीच लेतें, सर. वास्तूवाले पंडितजी बी यहीच लिखके देते, मौलवीसाब बी मना नै करते."

"काळा कशाला?"

"बला लेती ना वो. घर पे कुछ आनेवाला रहा तो मछली पे जाता. मछली मर गई तो समझो टल गया. फिर नई डालो." मग डोळे मिचकावून: "मेरे दुकान की मछली मरती नै सर, ड्यूटी करती."

डॉक्टरसाहेबांनी आपल्या ग्रंथातले एक अख्खे प्रकरण या एका वाक्यात बसलेले पाहिले, आणि ते फारूखला सांगण्याच्या लायकीचे नाही असे ठरवून बोटाएवढ्या रासबोरांचा एक थवा तेवढा पिशवीत घेतला. त्या शहरात मासे मरण्याच्या आनंदावर कितीतरी घरे सुखाने झोपत होती. पाणी न बदलल्याने, अन्न जास्त टाकल्याने, नळाचे ताजे क्लोरीन ओतल्याने जीव जात होते, आणि प्रत्येक प्रेताबरोबर यजमानांना संरक्षणाची पावती मिळत होती. अज्ञानाला इतका भरवशाचा परतावा देणारी दुसरी संस्था त्यांना माहीत नव्हती, विद्यापीठ सोडून.

रासबोरा टाकीत रुळले. पाती पाण्याच्या पृष्ठभागाला टेकली आणि वळून वाहू लागली. डॉक्टरसाहेब सकाळी चहा घेऊन समोर बसत, आणि दिवा मालवेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोललेले नसे.

दिवाळीच्या थोडे आधी मनकर्णाबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्या हातात दुधाची किटली होती.

त्यांचे यजमान कडूबा हे एसटीचे निवृत्त चालक. जन्मलेली भावंडे जगत नव्हती म्हणून, निदान हे पोर तरी मरणाला कडू लागावे या हिशेबाने त्यांच्या आईने त्यांचे नाव कडूबा ठेवले होते. आजवर मरणाने ते मानले होते. आता हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या, त्यांना दवाखान्यात दाखल केले होते आणि बायपासची तारीख मिळाली होती.

मनकर्णाबाईंनी झाकण काढले. तळाशी एक काळा गोल्डफिश एका कुशीवर कलून पडला होता. डोळे बाहेर आलेले, परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके.

"जावयानं काचेचा वाडगा दिला व्हता," त्या म्हणाल्या. "आठ सोन्याचे अन् ह्यो एक. आठीच्या आठी गेले, सर. यांना पहिला झटका आला तवा दोन गेले. मग शुगर वाढली, तवा एक. असं करत करत ह्यो एकला राहिला. अन् ह्योबी आता…"

"वाडग्यात मासे जगतच नाहीत, मनकर्णाबाई. पाणी सडतं."

"ते असंल. पण ह्यो आत्ता नाय मरायला पायजे." त्यांनी आवाज खाली आणला, जणू मासा ऐकेल. "आत्ता मेला तर वाया जाईल. ऑपरेशनपर्यंत जगवा त्याला. मंग त्याचं तो बघंल."

डॉक्टरसाहेबांनी आजवर नवसाचे असंख्य प्रकार नोंदवले होते. मरणाच्या कामासाठी एखाद्या जिवाला वेळेवर पोचेल असा जगवून ठेवणे मात्र त्यांच्या कोणत्याही प्रकरणात नव्हते.

"अन् मी म्हणालो की हे खोटं आहे, तर?"

"म्हणा की. तुमचं काम हाय ते." मनकर्णाबाईंनी किटली पुढे केली. "पण पाणी तुमच्याकडंच धड हाय. आख्ख्या बिल्डिंगीत तुमच्याच घरी मासा मेल्याचं ऐकलं नाय मी."

या वाक्याने काम केले. निवृत्तीनंतर त्यांच्या कामाची कोणी दखल घेण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्या जिवाला ऑपरेशनपर्यंत जगवायचे त्याला जगवणे म्हणजे जगवणेच, असा युक्तिवाद त्यांनी स्वतःशी केला आणि किटली घेतली.

आजारी मासा टाकीत सोडणे म्हणजे ठिपक्यांचा रोग साऱ्या थव्याला देणे. त्यांनी तो एका मोठ्या टबात वेगळा ठेवला, मीठ विरघळवून घातले, हीटर लावून पाणी हळूहळू कोमट केले, हवेची नळी सोडली. रोज थोडे पाणी काढायचे, तेवढेच मुरलेले पाणी घालायचे. आणि रोज संध्याकाळी, दवाखान्याचा डबा पोचवून आल्यावर, मनकर्णाबाई वर येऊ लागल्या.

"कसाय?"

"सरळ पोहतोय."

"खाल्लं का?"

"थोडं. जास्त देऊ नका म्हणून सांगतो."

"आमच्याकडं पाव्हण्याला थोडं देत नसतेत, सर."

"म्हणूनच तुमचे आठ पाहुणे गेले."

त्या हसल्या. त्यांच्या हसण्याने खोलीतल्या, घर बदलल्यापासून न उघडलेल्या खोक्यांवरची धूळ हलल्यासारखी वाटली. डॉक्टरसाहेबांनी दुसरी खुर्ची पुसून टाकीसमोर ठेवली. कोणासाठी, ते त्यांनी स्वतःला विचारले नाही.

ऑपरेशन पुढे ढकलले गेले. रक्तातली साखर उतरत नव्हती. मग उतरली, तर सर्जन परिषदेला गेले. मग सर्जन आले, तर यंत्र बिघडले. प्रत्येक तारखेला मनकर्णाबाई टबात डोकावून म्हणत, "थांब रं बाबा अजून." माशाला एवढ्या आदराने थांबवून धरलेले डॉक्टरसाहेबांनी पाहिले नव्हते. ठिपके गेले. परांची घडी उलगडली. आता त्याला टबात ठेवणे क्रूरपणाचे झाले होते, म्हणून एका सकाळी त्यांनी पाणी हळूहळू एकमेकांत मिसळून त्याला मोठ्या टाकीत सोडले.

गोल्डफिश आणि झाडांची टाकी यांचे जमत नाही, हे कोणत्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. काळ्याने आठवड्याच्या आत क्रिप्टोकोरिनची कोवळी पाने खाल्ली, वाळू उकरून काळी माती वर आणली, व्हॅलिसनेरियाची मुळे मोकळी केली. पाणी गढूळले. काचेवर शेवाळ धरू लागले. रासबोरा एका कोपऱ्यात जमून राहिले, नव्या विभागप्रमुखाच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या प्राध्यापकांसारखे. इतक्या धीराने उभे केलेले हे एवढे साम्राज्य एक वास्तूचा मासा चरत होता, आणि डॉक्टरसाहेब समोर बसून ते होऊ देत होते. संध्याकाळी दुसरी खुर्ची भरलेली असे, एवढेच त्याचे कारण होते आणि ते त्यांना पूर्ण माहीत होते.

"ह्यो तर तुमचं वावर चरतोय," मनकर्णाबाई एकदा म्हणाल्या.

"चरू द्या. पाहुणा आहे."

"आता कसं बोललात!"

त्या संध्याकाळी त्यांनी कडूबांची गोष्ट सांगितली. वैजापूर गाडीवर असताना नवरा रोज एकाच वळणावर विनाकारण हॉर्न वाजवायचा. तिथे त्यांचे माहेर होते. "मी म्हणायची, लोक हसतेत. तर म्हणायचे, हॉर्न सरकारचाय." डॉक्टरसाहेबांनी ऐकले. आपण कोणासाठी, कोणत्या वळणावर, काही वाजवले का, असा एक निरर्थक विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो उठून फिल्टरचा स्पंज पिळण्याच्या कामात बुडवला.

अखेर ऑपरेशन झाले. ते झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई आल्या. चपला दारातच, पदर खांद्यावरून घसरलेला. त्या सरळ टाकीकडे गेल्या. काळा मासा तोंड वर करून अन्न मागत होता.

"अजून जितंच हाय."

"तब्येत चांगली आहे त्याची," डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणताच आपण काय बोललो ते त्यांना कळले.

"हे शुद्धीवर येईनात," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नळ्या लावल्यात. डाक्टर म्हणतेत, वाट बघा. कशाची वाट बघू? ह्यो इथं खातोय, पितोय, अन् तिकडं ते…" त्यांनी काचेवर बोट ठेवले. मासा बोटाकडे आला. "काढा त्याला बाहेर, सर."

"मनकर्णाबाई, माशाचा आणि…"

"माहितंय मला. तुम्ही बुक लिवलंय. पण माणूस माझा हाय. मासा तर तुमचाबी नाय."

यावर देण्यासारखे उत्तर त्यांच्याजवळ होते. ते सप्रमाण होते, टिपांसहित होते, आणि हयातभर कोणी न ऐकलेले होते. भीती वस्तूवर उतरवल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. बदलतो तो भिणारा. हे शेवटचे वाक्य त्यांच्या ग्रंथाच्या समारोपात होते. ते मनात आले तेव्हा डॉक्टरसाहेब जागच्या जागी थबकले. बदलतो तो भिणारा. समोर उभी असलेली बाई दवाखान्यात परत जाणार होती, आणि काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून वाट बघणार होती.

"तुम्ही दवाखान्यात जा," ते म्हणाले. "मी बघतो."

त्या गेल्या. डॉक्टरसाहेबांनी जाळी घेतली. काळा मासा, अन्न आले या समजुतीने, स्वतःहून जाळीत आला. त्यांनी जाळी वर उचलली. पाणी निथळले. मासा जाळीत वाकला, कल्ले उघडले, मिटले, पुन्हा उघडले. त्यांना वाटले होते की आपण निर्णय घेण्यासाठी थांबलो आहोत. पण हाताने निर्णय घेतला होता आणि जाळी बाथरूममधल्या टबाकडे निघाली होती. मासा पाण्यात पडला, एकदा गोल फिरला आणि तळाशी जाऊन स्वस्थ राहिला.

मग त्यांनी फोन लावला.

"सर?"

"गेला," डॉक्टरसाहेब म्हणाले.

पुढे काय झाले ते मनकर्णाबाईंनी नंतर साऱ्या इमारतीला सांगितले. त्यांनी फोन कानाला धरूनच बाकावरून उठून "गेला! गेला!" असा हर्षाचा आवाज केला, शेजारच्या बायकांनी त्यांना कवेत घेऊन रडायला सुरुवात केली, एकीने बांगड्यांना हात घातला, आणि तिला ढकलून मनकर्णाबाईंना ओरडावे लागले, "अगं बाई, मासा गेला, मासा!" दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. सर्जन, भूलतज्ज्ञ, रात्रपाळीच्या परिचारिका आणि कोण्या अनोळखी माणसाचे रक्त यांचे आभार मानण्याचे त्या आनंदात राहून गेले.

मेलेला मासा कुठे, हा प्रश्न आलाच. डॉक्टरसाहेबांनी तयारी केलेली नव्हती. दाराबाहेर जिन्याच्या चौकात मोगऱ्याची कुंडी होती. "कुंडीत पुरला," ते म्हणाले.

संध्याकाळी मनकर्णाबाईंनी कुंडीला हळदकुंकू वाहिले. दोन दिवसांनी तिथे उदबत्ती होती. मग दुसऱ्या मजल्यावरच्या द्वारकाबाई आल्या, त्यांच्या नातवाचा ताप हटत नव्हता. मग समोरच्या इमारतीतल्या जहांआरा आल्या. त्यांनी हळदकुंकू वाहिले नाही, नुसती मूठभर साखर ठेवली आणि डोक्यावरचा पदर सावरला. पूजेचे स्थान कसे जन्मते यावर डॉक्टरसाहेबांनी दोन प्रकरणे लिहिली होती, सारी ऐकीव आणि कागदी पुराव्यांवर. पहिली पिढी कधीच हाती लागत नाही अशी खंतही नोंदवली होती. आता पहिली पिढी त्यांच्या दाराशी चपला काढत होती, आणि मूळ चमत्काराचा एकमेव साक्षीदार, शहरातला त्या विषयाचा एकमेव तज्ज्ञ, आत उभा होता. "सरांनी स्वतः सांगितलं," असे त्या एकमेकींना सांगत. त्यांच्या शब्दाला असे वजन कोणत्याही परीक्षक मंडळाने कधी दिले नव्हते.

मासा त्यांनी टाकीत परत सोडला होता. टबात तो फार काळ राहणे बरे नव्हते.

उपाय त्यांनी क्रमाने तपासले. फारूखला फोन केला. "वापस? लाओ ना सर. ये चलती है. कल दूसरे घर ड्यूटी पे." फोन ठेवला. हर्सूलच्या तलावात सोडावा, तर परका मासा तलावात सोडणारा माणूस त्यांच्या लेखी दरोडेखोर होता. मारावा, तर ते त्या दिवशीच झाले असते. सांगून टाकावे, हा शेवटचा उपाय. पण कडूबांच्या छातीत आता रोज काहीतरी कळ उठत असे, टाक्यांचीच, आणि मनकर्णाबाई म्हणत, "घाबरू नका, आपलं गेलंय." सांगितले तर ते गेलेले परत येणार होते, आणि प्रत्येक कळेबरोबर येणार होते.

कडूबा चालू-फिरू लागले, तेव्हा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तीन मजले चढून आभार मानायला आले. डॉक्टरसाहेबांनी दार उघडले, पण हातभरच.

"नमस्कार सर. तुमचे लई उपकार झाले," कडूबा म्हणाले. दम लागला होता, तरी ते हसत होते. "म्हणलं, ज्या टाकीत आपल्यावरचं गेलं ती बघून यावं."

"टाकी काढून टाकली," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"अगं बया, का?" मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. "एवढी राबून केल्ती!"

"वेळ होत नाही."

त्यांच्यामागे फिल्टरचे पाणी शांतपणे पडत होते. मनकर्णाबाईंनी मान कलती केली. "नळ चालू राह्यलाय का, सर? आज तर पाण्याचा दिवस नाय."

"कूलर आहे."

"कूलर? संक्रांत तोंडावर आली की!"

"असू दे गं," कडूबांनी तिचा दंड हलकेच ओढला. "अभ्यास करणाऱ्या लोकाला गरमी लई असती. चला सर, येतो. खाली या कधी चहाला."

"येईन."

ते दोघे एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत गेले. मधल्या मजल्यावर मनकर्णाबाई काहीतरी म्हणाल्या आणि कडूबा हसले. त्यानंतर मनकर्णाबाईंनी एकदोनदा डबा पाठवला. स्वतः वर येऊन बसल्या मात्र नाहीत. खाली चहाला डॉक्टरसाहेबही गेले नाहीत. मनकर्णाबाई टाकीविषयी विचारतील, आणि एक खोटे बोलून दमलेला माणूस रोजची खोटी बोलू शकणार नाही, हे त्यांना माहीत होते.

दार ते आता फार उघडत नाहीत. दुसरी खुर्ची पुन्हा खोक्यांपाशी गेली आहे. रासबोरांसाठी त्यांनी वेगळी छोटी टाकी केली, आणि मोठ्या टाकीत फक्त काळा राहिला. तो वाढला आहे, भरघोस, चकचकीत, आणि डॉक्टरसाहेब उठले की काचेच्या त्या बाजूला येऊन उभा राहतो. जिन्यात पावले वाजली की ते आधी फिल्टरचे बटण बंद करतात. पाणी गप्प होते. दाराबाहेर कोणीतरी चपला काढते, काडी ओढल्याचा आवाज येतो, उदबत्तीचा वास फटीतून आत येतो. कोणी पुटपुटते, कधी मराठीत, कधी दख्खनीत. बेल कोणी वाजवत नाही. आतल्या माणसाशी कोणाचे काम नसते.

पावले उतरून गेली की ते बटण पुन्हा चालू करतात, आणि माशाला थोडे अन्न टाकतात. थोडेच.